इशारा येत नाही म्हणून

...नाही, तुम्हीच सांगा, उद्या तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं की 'अजून काही झालेलं नाही, पण होऊ शकतं', तर तुम्ही घरी येऊन निवांत जेवाल का? मला हेच वाक्य रोज एक यंत्र ऐकवत होतं, आणि आमचे साहेब म्हणत होते, जेवा!

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण सासऱ्यांनी सगळ्या नात्यात पसरवलंय की जावई कर्नल आहेत. अहो, कर्नल नव्हे, कर्नेल! यंत्राच्या पोटातला अगदी तळाचा प्रोग्राम, बाकीच्यांना कामं वाटून देणारा. सलाम कुणी ठोकत नाही, बिघडलं की मात्र सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. आमची कंपनी दवाखान्यातले मॉनिटर बनवते. पेशंटच्या बोटाला चिमटा लावतात, पडद्यावर हिरवी रेघ पळते, बाजूला नाडीचा आकडा, तेच ते. आता असल्या यंत्राच्या पोटात आपलं काम, म्हटल्यावर मी आधीच धास्तावलेला... आणि त्यात नवं मॉडेल सुरू केलं रे केलं की पडद्यावर हा लांबलचक इशारा. मथितार्थ एकच, अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं.

काय होऊ शकतं? ऐका. नाडीचा आकडा बदलताना प्रोग्राम एक लॉक घेतो, म्हणजे आतून कडी लावतो, माझं होईपर्यंत कुणी मध्ये येऊ नका. नेमक्या त्याच क्षणी नर्सनं भोंगा गप्प करायचं बटण दाबलं, तर चिप हातातलं काम अर्धवट टाकून बटणाकडे धावते, ह्याला म्हणायचं इंटरप्ट. आणि बटणाच्या कामालाही तीच कडी हवी असते! कडी लावलीय कुणी? मघाच्या अर्धवट कामानं. ते कधी उघडणार? बटणाचं काम संपल्यावर. आणि ते कधी संपणार? कडी उघडल्यावर... बसा आता वाट बघत!

साहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, यंत्र बंद पडलं का? नाही. आजवर कधी पडलंय? नाही. मग म्हणे, इशारा देणारा तो तपासनीस प्रोग्रामच बंद करून टाका, सोमवारी माल जायचाय. तुम्हाला सांगतो, माल जाताना तपासनीस बंद करतातच, नाहीतर यंत्र संथ चालतं, पण आधी दुखणं बरं करून! दुखतंय म्हणणाऱ्याचंच तोंड बांधायचं, हा कुठला उपचार?

घरी काही सुचेना. बायकोनं विचारलं, आमटीत मीठ जास्त झालंय का हो? मी म्हटलं, अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं. तिनं वाटीच काढून घेतली.

शेवटी आमच्या टेस्टिंगच्या बाई म्हणाल्या, मग घडवूनच दाखवू की. आणि बसल्या बटण दाबत. डाव्या हातानं चहा, उजव्या हातानं बटण. यंत्र आपलं गुणी बाळासारखं चालतंय! आपलंच काम बिघडू दे म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस पाहिलाय कधी? तो मी.

तेवढ्यात साहेब आले. कुठाय तुमचं संकट, म्हणत स्वतःचं बोट चिमट्यात घातलं. हिरवी रेघ पळायला लागली, नाडी अठ्ठ्याहत्तर. साहेब सुरू झाले, की तुम्हा लोकांना पगार कामाचा मिळतो, काळजीचा नाही, वगैरे वगैरे... बाई बटण दाबतायत, साहेब बोलतायत, आणि बाईंनी मला हळूच कोपर मारलं. बघतो तर रेघ जागच्या जागी थांबलेली.

"साहेब," मी म्हटलं, "बोट काढा जरा."

त्यांनी काढलं. अठ्ठ्याहत्तर. बोट पडद्यासमोर हलवलं. अठ्ठ्याहत्तरच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ह्याच्या मते तुम्ही ठणठणीत आहात, साहेब. यापुढे काहीही झालं तरी."

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. त्यांच्या आई मध्यंतरी दवाखान्यात होत्या, तेव्हा ते बाहेरच्या बाकावर बसून काचेतून तो आकडाच बघत असायचे. आकडा ठीक, म्हणजे आई ठीक. बोटाकडे बघत म्हणाले, "माल थांबवा."

दुरुस्ती केवढी? कडी लावलेली असेल तेवढा निमिषभर बटणाची हाक अडवून धरायची, बस! केली. यंत्र सुरू केलं... आणि दुसराच इशारा! कारण तो तपासनीस एका वेळी एकच चूक सांगतो आणि गप्प बसतो. मागे रांग लागलेली असते, ते आपल्याला कुठं ठाऊक! एक निस्तरली की पुढची हजर, अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं... असं करत करत एकदाची रांग संपली. पडदा स्वच्छ!

धावत साहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, इशारा येत नाही. मला वाटलं, पाठ थोपटतील. तर चेहरा पांढराफटक.

"येत नाही? का येत नाही?"

म्हटलं, चुका संपल्या म्हणून. तर म्हणे, कशावरून? तपासनीसच बंद पडला नसेल कशावरून? मी तो चालू असल्याचं दाखवलं. मुद्दाम एक चूक घालून त्याला ओरडायलाही लावलं. साहेबांनी मान डोलावली, घरी गेले, आणि घरून फोन, की परत एकदा बघा हो.

म्हणजे बघा, आधी इशारा येत होता म्हणून माझी झोप उडाली होती. आता येत नाही म्हणून साहेबांची उडालीय. आणि साहेबांची झोप उडाली की ते उठवणार कुणाला...

थांबा हं. घ्या! वाजला.