दारापर्यंतची पंचेचाळीस सेकंदं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या किसुमू शाखेच्या प्रमुख, आर्किटेक्ट नेकेसा वाब्वीरे; आमचे आजचे पाहुणे, म्हणजे सत्कारमूर्तींचे थोरले बंधू, ज्यांना आपण सगळे मानाने जादुओंग म्हणतो ते न्यामवाया; सत्कारमूर्ती श्री. ओल्वेनी राबुरू, व्यासपीठामागे टोपलीत बसून मघापासून माझ्याआधी बोलू पाहणारा कोंबडा, आणि तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसलेली माझी आई धरून, समोर जमलेले सर्व स्नेही,

आधी कोंबड्याचा खुलासा करते, कारण कुजबुज मलाही ऐकू येते आहे. ओल्वेनीकाका आपलं काम सोडून म्फांगानो बेटावर स्वतःचं घर वसवायला चालले आहेत. नवं घर वसवणारा पहाटे कोंबडा घेऊन निघतो, एवढं आम्हा शहरात राहणाऱ्यांनाही ठाऊक. म्हणून ऑफिसातर्फे भेट म्हणून आम्ही कोंबडा आणला. सकाळी जादुओंगांनी टोपलीत डोकावून मला विचारलं, "पोरी, हा कुणाच्या अंगणातला?"

"बाजारातला, जादुओंग."

"मग शिजवा त्याला. घर वसवणाऱ्याबरोबर जातो तो बापाच्या अंगणातला कोंबडा. हा बाजारातला कुणाचं फाटक ओळखणार?"

तेव्हा तो आता आजच्या जेवणात आहे. त्याला अजून कळवलेलं नाही, जरा हळू बोला.

ओल्वेनीकाका बासष्ट वर्षांचे आहेत, आणि इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत राहिले. आमच्यात या वयाला स्वतःचं फाटक नसणं म्हणजे काय ऐकून घ्यावं लागतं, हे मी सांगायला नको. जादुओंग दर वर्षी निरोप पाठवायचे, "दुसऱ्यांची घरं रंगवून झाली असतील तर स्वतःच्या चार खांबांचं बघा." काका हसायचे आणि पुन्हा यंत्राकडे वळायचे. ते यंत्र कोणतं, हे आजच्या पाहुण्यांसाठी सांगते.

आमच्या ऑफिसात न बांधलेल्या घरांची चित्रं होतात. फोटोच वाटावीत अशी. दुबईत नर्सिंग करणारी बाई इथे घर बांधते, तेव्हा तिला व्हरांड्यात संध्याकाळी ऊन कुठवर येईल ते आधी बघायचं असतं. ते ऊन संगणकाला किरण-किरण मोजून काढावं लागतं. हे मोजणीचं काम ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग करतो. एक कार्ड एका चित्राला पाऊण तास घेई. अकरा वर्षांपूर्वी किबुयेच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस आमचा बिघडलेला बॅटरीचा डबा दुरुस्त करून द्यायला आला, यंत्रापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "हे एकटंच एवढं का राबतंय? जोडीला कुणी देत का नाही?"

तेच हे ओल्वेनीकाका. नैरोबीत कुणी संगणकी नाणी काढण्याचा धंदा बंद केला होता, त्याची जुनी कार्डं त्यांनी मिळवली. चार कार्डं एका पेटीत बसवली. पेटीची एक बाजू कापून टाकली आणि सरोवराकडच्या खिडकीत पंखा लावला. ती खोली इतकी तापायची की आमच्या स्वच्छतेच्या बाई तिथे फडकी वाळत घालायच्या. चौथ्या कार्डाला काका 'आमदार' म्हणत. गरम सगळ्यांत आधी व्हायचं, आणि काम इतर तिघांहून कमी.

एवढं बोलून मी सन्मानचिन्ह देऊन खाली बसले असते तर ते शोभून दिसलं असतं. पण गेले आठ दिवस मी हे भाषण लिहिते आहे आणि खोडते आहे. एक गोष्ट सांगितल्याशिवाय यांना निरोप देणं मला जमणार नाही. त्या गोष्टीत चूक माझी आहे.

सरोवर चढलं ते वर्ष तुम्हा सगळ्यांना आठवतं. कानोच्या पट्ट्यातलं आमचं घर त्याच वर्षी पाण्यात गेलं. घराच्या उजव्या हाताला वडिलांची कबर होती, तीही गेली. आई माझ्याकडे शहरात आली. एकदा आम्ही होडी करून तिकडे गेलो, तर पाण्यावर फक्त छपराचा कणा दिसत होता. वर्षभराने तोही नाहीसा झाला.

मग आईच्या डोळ्यांचं निघालं. डावा आधीच गेला होता. उजव्याची शस्त्रक्रिया पाच आठवड्यांवर ठरली. डॉक्टर प्रामाणिक होते. केली नाही तर डोळा नक्की जाईल, केली तर राहील की नाही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. परतताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "त्याआधी घर एकदा बघता आलं असतं."

घरं दाखवण्याचाच माझा धंदा. आईला नाही तर कुणाला दाखवणार होते मी?

लग्नांत काढलेले सात फोटो होते, आणि माझी आठवण. आठवड्यात मी घर उभं केलं: भिंती, पत्रा, रांजण, अंगणातला आंबा, कबर, आत वडिलांची खुर्ची. मला एक चित्र नको होतं. आईला चालत घरात जाता यावं असं दीड मिनिटाचं चलतचित्र हवं होतं. त्याला दोन हजारांवर चित्रं लागतात. एका कार्डाने साठ दिवस, चौघांनी पंधरा-सोळा. पाच आठवड्यांत सहज बसत होतं.

पण पहिल्याच दिवशी यंत्र बंद पडलं. सगळं मिळून घराचा भार तेरा जीबी झाला होता, आणि प्रत्येक कार्डाची मेमरी अकरा. मी काकांवर चिडले. "चार कार्डं आहेत, काका! चार अकरे चव्वेचाळीस. तेरा कसे मावत नाहीत?"

काका स्टूलवर बसून चहा पीत होते. "कानोच्या लेकी," ते म्हणाले, "तुझ्या घरी चार रंगारी आले, तर भिंती वाटून घेतील. पण घर कसं आहे ते चौघांनाही पुरतं माहीत असायला हवं ना? काम वाटता येतं. ध्यानात ठेवणं नाही वाटता येत."

मी विद्यापीठात शिकलेली. हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

मग काढून काय टाकायचं? सर्वांत जड होतं कुंपण. शेराचं हिरवं कुंपण, लाखो काड्यांचं. एकेक झुडूप मी वेगळं घडवलं होतं, कारण एकासारखं दुसरं कधी नसतं असा माझा आग्रह. मी कुंपण पुसलं. कुंपण नाही म्हटल्यावर फाटकाला टेकायला काही उरलं नाही, म्हणून तेही पुसलं. मनात म्हटलं, आईला घर बघायचं आहे, झुडपं नाहीत.

सोळा दिवस यंत्र चाललं. त्या सोळा दिवसांत मी बाहेरच्या कामांवर होते आणि आई रोज दुपारी काकांसाठी ओमेनाची मासळी आणि मक्याची उगाली डब्यातून न्यायची. तिला त्या खोलीची ऊब आवडायची, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चोविसाव्या दिवशी आईला पडद्यापुढे बसवलं. चित्र सुरू झालं. मोकळ्या शेतावरून आपण सरळ अंगणात येतो, आंबा दिसतो. सहा-सात सेकंदं झाली असतील.

"थांबव," आई म्हणाली. "फाटक कुठे आहे?"

"अगं, ते मावत नव्हतं. पण पुढे बघ, घर..."

"मी आत आले कशी?"

आईने तोंड भिंतीकडे वळवलं. "फाटक सोडून, कुंपणातून वाट पाडून आत आणतात ते घराबाहेर मेलेल्याला. मी अजून जिवंत आहे, अदेरो."

इथे बसलेल्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. आयुष्यभर घरं काढणारी, आणि माझ्याच आईला मी मेलेल्यासारखी घरात नेत होते.

शस्त्रक्रियेला अकरा दिवस उरले होते आणि यंत्राला सोळा लागत होते. मी हात टेकले. काकांनी मात्र माझी सगळी झुडपं बाजूला सारली आणि त्यांतली तीन ठेवली. म्हणाले, "तीनच ध्यानात ठेवू. तीच वळवून, लहान-मोठी करून हजारदा लावू. यंत्राला तिन्हीचाच भार."

"पण ती सगळी सारखी दिसतील, काका!"

"अदेरोची आई कुंपण मोजायला जाणार आहे की घरी?"

दोन दिवसांत कुंपण उभं राहिलं आणि फाटकही. मग काकांनी चित्र अर्ध्यावर आणलं: फाटकापासून दारापर्यंत, पंचेचाळीस सेकंदं. आठ दिवसांत होणार होतं. दार उघडल्यानंतरची आतली चित्रं पहिल्या खेपेची तयारच होती, ती फक्त पुढे जोडायची. तसं मी सांगून ठेवलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी आई पुन्हा पडद्यापुढे बसली. फाटक उघडलं. चाल अगदी संथ होती. काकांनी आईची पावलं ऑफिसच्या बोळात मोजली होती, हे मला नंतर कळलं. अंगण, आंबा, उजवीकडे कबर. तिथे चाल आणखी मंदावली. मग दार जवळ आलं, रांजण दिसला, दाराच्या फळीवरचा ओरखडा दिसला.

आणि चित्र संपलं. दार बंदच.

मी काकांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. आईने पुढे होऊन पडद्यावरच्या दारावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाली, "पोचले." दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. उजेड-अंधार कळतो तिला आता, त्याहून अधिक नाही.

मी काकांना विचारलं, "आतलं का नाही जोडलं? तयार होतं!" ते म्हणाले, "उजेड जुळत नव्हता." दोन वर्षं मी हे मनात धरून ठेवलं. रोज एकत्र चहा प्यायलो, पण मनात हेच: या माणसाने कंटाळा केला, आणि माझी आई दाराबाहेर राहिली. उजेड जुळवायला एक दिवस लागला असता. हातात एक दिवस होताही.

गेल्या आठवड्यात, हेच भाषण लिहिताना, मी आईला सहज विचारलं, "बाबांची खुर्ची खिडकीशी होती ना?"

"खिडकीशी? छे! दाराच्या आतल्या अंगाला. त्यांचं चालणं थांबलं तेव्हा मीच हलवली, येणारं-जाणारं दिसावं म्हणून. तू नैरोबीत होतीस."

मी काढलेल्या घरात खुर्ची खिडकीशी होती. मी दहा वर्षांची असताना होती तिथे.

मी काकांकडे गेले. ते पेटीवरची धूळ पुसत होते. "तुम्हाला माहीत होतं?"

"सोळा दिवस तुझी आई माझ्याशेजारी बसून ते घर सांगत होती, कानोच्या लेकी. खुर्ची, मडकी, खाट, सगळं. तू काढलेलं आतलं घर वेगळं होतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू काढलेलं खोटं नव्हतं. तुला ठाऊक होतं ते घर तू काढलंस. आणि सगळं हलवून आतला उजेड नव्याने मोजायला आणखी दहा दिवस लागले असते." फडकं झटकून ते पुढे म्हणाले, "शेवटचं म्हणून तिने चुकीच्या जागची खुर्ची कशाला बघायची? दारापर्यंत सोडलं. पुढचं तिला ठाऊक होतं."

ओल्वेनीकाका, दोन वर्षं मी तुमच्यावर जो राग धरला, तो आज या सगळ्यांसमोर खाली ठेवते. तुमच्याशिवाय ती खोली थंड पडणार आहे. नवी यंत्रं येतील, एकाच कार्डात चाळीस जीबी असलेली. पण रोज दुपारी कुणाच्या आईचं बोलणं ऐकून घेणारं त्यांत कुणी असेल का, मला माहीत नाही. बेटावर तुमचं फाटक उभं राहिलं की कळवा. आईला घेऊन येईन. चाल तुम्हाला माहीत आहे, तेवढा वेळ दार उघडं ठेवा.

आई, तुझ्याशी बोलायचं राहिलं ते घरी बोलेन. खुर्चीपासून सुरुवात करू.

अध्यक्षांनी दिला त्यापेक्षा मी जास्त वेळ घेतला, तरी त्यांनी घंटा वाजवली नाही, त्यांचे आभार. जादुओंगांनी एवढ्या लांबून बोटीचा प्रवास केला, त्यांचे आभार. स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार, आणि त्यांनी आता टोपली उचलली तरी चालेल. आठवणीतून बोलले आहे, तेव्हा कुणाचं नाव राहिलं असेल, एखादी गोष्ट तिच्या जागेवरून हलली असेल. ती जिथे होती असं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तिथे परत ठेवून घ्या, आणि मला क्षमा करा.