पगारवाढ परत घेण्याबाबत

अकरा वाजता खिडकी उघडली. अल्प उत्पन्न गटातल्या घरांसाठी अर्ज देण्याचा तो शेवटचा दिवस होता. रांगेत सर्वांत पुढे रुग्णालयातली परिचारिका होती. तिच्यामागे कारखान्यातला शिंपी कान देऊन उभा होता.

खिडकीतल्या कारकुनाने तिचे कागद चाळले. "ताई, तुम्ही या गटात बसत नाही. गेल्या महिन्यात पगार वाढलाय तुमचा."

"वाढला म्हणजे साहेब, चहात दूध दिसायला लागलं इतकंच."

"मग मध्यम गटात भरा."

"त्या घरांसाठी बँक मला कर्ज देत नाही. म्हणते, पगार कमी आहे."

"म्हणजे इथे श्रीमंत, तिथे गरीब."

"आणि झोपते सासूबाईंच्या स्वयंपाकघरात. तो कुठला गट?"

"त्याला रकाना नाही."

"पगारवाढ परत केली तर?"

"तसं तुमच्या रुग्णालयातल्या साहेबांचं पत्र लागेल. मागे एकाने आणलं होतं."

"मिळालं त्याला घर?"

"नाही. पगारवाढ नाकारतो म्हणजे घरचं बरं असणार, असा शेरा पडला."

"पडू दे. मी आणते पत्र. पोरगी ओट्याखाली बसून अभ्यास करते."

"पाचच्या आत आणा."

शिंप्याने आपल्या कागदांतून जादा कामाची पावती हळूच काढून खिशात घातली.

परिचारिका बाकावर बसून रुग्णालयात फोन लावत राहिली. पाचला खिडकी बंद झाली, तेव्हाही तिचे साहेब बैठकीतच होते.