दुपट्ट्याखालचा सौदा

माहं माहेर अनसिंगचं. चार वर्ग शिकली, मंग लगन लावून देलं अन् शेलूबाजारले आली. तवा ते आजच्यासारखं नव्हतं, जीपा नव्हत्या, धुरळ्याचा रस्ता अन् बाजाराच्या दिवशी नुसत्या बैलगाड्याच गाड्या. नवऱ्याचं नाव घ्याची रीत नव्हती, आता तो राह्यला नाई त घेते, किसन. दिसाले काही खास नव्हता, काय सांगू तुम्हाले, नाकच तेवढं मोठं. पण सायकलीवर बसला का माणूस बदलून जाये.

सायकल आमच्या घरी कशी आली ते आधी सांगते. माहे सासरे, त्यायले मी मामाजी म्हणो, त्यायनं सारा जनम शंकरपटात घातला. शंकरपट म्हणजे बैलजोडीच्या शर्यती, आमच्या इकडं त्याचं लय वेड. मंग त्यायच्या जोडीतला एक बैल रोगानं गेला, दुसरा एकटा कुठं पळीन, तो विकला अन् भाड्यानं द्याच्या सायकली आणल्या. लोक हासले, म्हणे बुढा आता सायकलीले कडबा टाकीन. मामाजी म्हणे, कडबा लागत नाई म्हणूनच त आणल्या.

पण बुढ्याचं डोकं पटातच राह्यलं. जत्रेत, बाजारात सायकलीच्या शर्यती होऊन राह्यल्या होत्या, वाशीमचा एक दुकानदार, मंगरूळचा एक, कारंज्याचा एक कापसाचा शेठ, सारे आपआपले गडी पळवत, अन् कोणाचा चांगला गडी दिसला का दुसरा त्याले फोडून नेई. मामाजी गडी असा पाहेत जसा बैल पाहावा. पोटरी दाबून पाहेत, छाती ठोकून पाहेत, एका पोट्ट्याले त म्हणे तोंड उघड, अन् दात पाहाले बसले. मी चुलीपाशी हासली त आत्याबाईनं, म्हणजे सासूनं, डोळे वटारले. बैलाचं वय दातावरून मोजतात, तसं नवा गडी असला का मामाजी म्हणत, हा अजून अदात, म्हणजे कवळा आहे, घाई नोका करू, दोन दाती होऊ द्या मंग पाहा. किसनले म्हणत, हा चार दाती झाला, याची खरी धाव आता पुढं आहे. आपल्या पोटच्या पोराले, हं!

किसनचा पाय पायडलवरून सटकू नये म्हणून मामाजीनं त्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा तोडला, घुंगरं काढले अन् त्या कातड्याचा पट्टा करून देला. तो पट्टा पायाले बांधला का किसन पहिला येये. दरवेळी नाई, खोटं काहून बोलू, पण येये. घरी येऊन ओसरीत आडवा पडे अन् मी पायाले तेल लावो. तेवढ्या वेळ आमी बोलो. बाकी घरात नवरा-बायकोनं बोलाची सोय नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी कारंज्याचा तो शेठ दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून आला, अन् दमणीत मागं एक सायकल आडवी ठेवली होती. पातळ टायर, खाली वाकलेलं हँडल, मी तशी कधी पाह्यली नव्हती. किसननंही नव्हती पाह्यली. तो दाराच्या चौकटीले टेकून उभा अन् नजर त्या सायकलीवर. मामाजी अन् शेठ ओट्यावर बसले, मामाजीनं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् दोघाईच्या हातावर टाकला. तुमी बैलबाजार पाह्यला असीन त ठाऊक असीन, भाव तोंडानं सांगत नाईत, दुपट्ट्याखाली हात घालतात अन् बोटं दाबतात, बाकीच्याईले कळू नये म्हणून. अन् हात खाली आहेत तोवर कोणी दुपट्टा उचलाचा नाई. उचलला का सौदा मोडला.

मी पाण्याचा गडवा घेऊन आली. पह्यले वाटलं बैल घेऊन राह्यले असतीन. मंग वाटलं विकून राह्यले असतीन. पण घरी त बैलच नव्हता. मंग मले उमजलं का आमच्या घरात विकाजोगं काय उभं आहे चौकटीले टेकून.

गडवा खाली ठेवला अन् दुपट्टा उचलला.

दोघाईचे हात एकमेकात अडकलेले, मामाजीचा अंगठा शेठच्या मुठीत. मामाजी म्हणे, सूनबाई, हे काय केलं? माहा डोक्यावरचा पदर जागचा हालला नाई, पण तोंड उघडलं. म्हणलं मामाजी, बैलाले बोलता येत नाई म्हणून त्याले विचारत नाई, याले येते. याले विचारा. शेठ आधी चमकला, मंग पोट धरून हासला, म्हणे बुढेबा, तुमची सून दोन दाती नाई बरं, सारे दात आलेली, चांगली जुळलेली आहे. मामाजीनं दुपट्ट्याची घडी केली, खांद्यावर टाकली. मंग किसनले म्हणे, बोल रे.

मले खात्री होती. तेल लावताना जो माणूस एवढा बोलते तो काय मले टाकून जाईन? किसननं माह्याकडं पाह्यलं नाई. दमणीकडं पाह्यलं अन् म्हणे, जातो.

झालं. विचारा म्हणणारी मीच, आता कोणाले बोलू?

शेठनं दुकानाले दोन नव्या सायकली देल्या. गड्यानं शेठच्या कापसाच्या जिनातल्या गोदामात बाकीच्या गड्यायसंग राहाचं, बायको आणाची नाई, बायको असली का दम तुटते म्हणे. शेजारणी येऊन सांगून राह्यल्या होत्या का कारंज्याले गेलेला गडी अकोल्याले जाते, अकोल्याचा नागपूरले, तो काही शेलूबाजारले परतत नाई. निघाच्या वेळी आत्याबाईनं त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला. तो म्हणे, माय, माहा पट्टा? आत्याबाई म्हणे, जनावर विकलं त दावं द्याचं नाई, दावं घरीच ठेवाचं, नाई त घरची लक्ष्मी संग जाते. किसन हासला, म्हणे तठी नवा भेटते. पट्टा खुंटीले टांगला. मी त्या खुंटीकडं पाठ करून भाकरी थापो.

मंग मामाजीनं तांड्यावरचा सोमला नावाचा जवान गडी हाताशी धरला. दूध घेऊन रोज पायी धावत येये तो, सायकल त्याले ठाऊकच नव्हती, पह्यल्या दिवशी सरळ उकिरड्यात घुसला. मामाजी म्हणे, अदात आहे, होईन. अन् झाला. पुढच्या रामनवमीले पोहरादेवीच्या रस्त्यावर शर्यत लागली, एकीकडं शेठचा पिवळा सदरा घालून किसन, दुसरीकडं आमच्या दुकानाचा सोमला. बाया मले म्हणे, तू कोणाकडून वं? मी म्हणलं, धुरळ्याकडून.

सोमला पुढं आला. किसन मागं राह्यला, शेठचं तोंड कारल्यासारखं. गर्दीत रेवड्याच्या दुकानामागं किसन भेटला, सुकला होता, पह्यलं काय बोलला असीन? कशी आहेस? नाई. म्हणे, बाबाले सांग सोमल्याले जपा, शेठची नजर गेली त्याच्यावर, अन् माही धाव आता उतरली. मी म्हणलं, मंग चाल घरी. तो म्हणे, हरून नाई येत. मी रेवड्या घेतल्या अन् गाडीत येऊन बसली.

खरंच शेठ आला दुसऱ्या महिन्यात, सोमल्यासाठी. मामाजी ओट्यावरच होते. शेठनं हात पुढं केला त मामाजीनं खांद्यावरचा दुपट्टा मांडीखाली दाबून घेतला. म्हणे, तो पाहा तठी बसला, त्यालेच विचारा. आत्याबाई माह्याकडं पाहे, मी आत्याबाईकडं. सोमला म्हणे, मले तांडा सोडाचा नाई. शेठ पाणी पिऊन गेला.

मंग दूर देशात लढाई लागली. आमाले काय ठाऊक लढाई, पण टायर-ट्यूब भेटेनात. सायकली भितीले टेकून राह्यल्या, शर्यती बंद पडल्या, शेठले गडी पोसाचं काही काम उरलं नाई. एका दुपारी मी अंगणात तूर पाखडत होती त किसन आला. ती पातळ टायरची सायकल खांद्यावर, चाकाले टायरच नाई, नुसतं लोखंड. म्हणे, भूक लागली. आत्याबाई पट्ट्यापुढं हात जोडून उभी, म्हणे दाव्यानं आणलं माह्या लेकराले. मी म्हणलं, रबरानं आणलं. सूप खाली ठेवलं अन् वाढलं.

पुढं त्यानं आयुष्यभर लोकाईचे पंक्चर काढले. चांगला संसार केला, मी काही रडगाणं सांगून नाई राह्यली. एकदाच विचारलं, म्हातारा झाल्यावर, का काहून गेलते तवा? म्हणे, तू विचारा म्हणलं, मले आधी कोणी विचारलंच नव्हतं, त जे मनात होतं ते तोंडातून निंघालं. मी पायाले तेल लावत राह्यली.

तो गेला, आत्याबाई गेल्या, मामाजी त लय आधी. त्या पट्ट्यानं मी आता शेळी बांधते, कातडं अजून मजबूत आहे. नात पुण्याले नोकरीले जाते म्हणते. घरात रोज खलबतं, पोरगा इचारते, सून इचारते, बुढे, जाऊ द्याचं का? मी म्हणते, मले काहून इचारता, ते तठी बसली, तिले इचारा. तिनं मान वर नाई केली, बॅग भरत भरतच म्हणे, जाते.

जा माय, सुखी राहाय. पण एक ओढणी घरी ठेवून जा. मी तसलं काही मानत नाई. खुंटी रिकामी आहे म्हणून म्हणलं.