फुगलेली बॅटरी

नवापूरहून सुरतेला निघणाऱ्या बसमध्ये दिपालीच्या पुढच्याच सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर इलेक्ट्रिक स्कूटरची फुगलेली बॅटरी होती.

“भाग्येशना बाप, हाई बॅटरी फोडीसन तिन्हामा पानी टाकाले तुमले कोनी सांगं?”

“ट्रॅक्टरनी बॅटरीमा टाकतस ना. माले वाटनं, हिले बी लागस.”

“आते भंगारवाला बी लेत नही.”

“सुरतना कारखाना लेस. आतलं लिथियम काढीसन नवी बनावतस. टीव्हीवाला सांगे, देशले लागस, फेकू नका.”

तेवढ्यात कंडक्टर आला.

“बाबा, ही घेऊन खाली उतरा. पेटली तर? इथं माणसं बसतात.”

“दादा, पोळाना सणपाईन हाई मन्ही खाटखाले शे,” म्हातारी म्हणाली. “मी मानूस नही का?”