तायाप्पाचं टायर

ऐका. चहा निवला तरी चालंल, पर ऐका. हैबती, तू तर कान देऊन ऐक. आज रातीच गाडी काढायचीय न्हवं तुला, तवाखिंडीनं? दगडाच्या रस्त्याला कुठलं टायर टिकतं म्हनून सकाळी मला इचारत व्हतास, आन् सांजच्याला मागल्या चाकाला चढवलंस बी एक. कुठनं आनलंस त्ये मागनं इचारते. आधी गोष्ट.

आमचं कारभारी ह्याच खानीवर ट्रक चालवायचं. खानीतला फोडलेला दगूड, डबर, भरायचं, डोंगर उतरायचं. रस्ता कसला, नुसती दगडं. विळ्यागत धार एकेकाला. टायर घ्यायला त्ये फाट्यावर शब्बीरभाईच्या दुकानात गेलं. शब्बीरभाई म्हनला, "डांबरी सडकंचं गुळगुळीत टायर हितं टिकायचं न्हाई. ह्ये घे. नक्षी बघ, बोट बुडतंय. आन् नक्षीपरीस कड बघ, जाड पायजे. दगूड तळाला कमी चावतो, कडंला जास्ती." खरंच बोलला गडी. पर तसली पाचच निघाली दुकानात. गाडीला लागत्यात सहा.

सहावं कारभाऱ्यांनी भंगारातनं आनलं. नव्यासारखं व्हतं, बरं का. खोल नक्षी, जाड कड. खोट एकच. त्ये तायाप्पाच्या गाडीचं व्हतं. तायाप्पा डायवर, तवाखिंडीत गाडीसकट दरीत गेलेला. आता तुमची डायवर लोकांची रीत तुमाला ठावं हाय. ज्या गाडीनं मानूस खाल्ला तिचं टायर दुसऱ्या गाडीला चढवायचं न्हाई, पडल्या जागी ठिवून यायचं. शब्बीरभाईनं हात जोडलं, म्या बसवनार न्हाई म्हनला. कारभारी हसलं. "रबराला काय ठावं, त्ये कुनाचं हाय?" आन् बसवलं की सोताच. मागं, डाव्या अंगाला, जोडीतलं भायेरचं.

त्याच आठवड्यात मला कळा सुरू झाल्या. दिस भरलं नव्हतं. सुईन म्हनली, मूल आडवं हाय, हितं सुटायची न्हाई, दवाखान्यात न्या. अंधार पडलेला. कारभाऱ्यांनी मला केबिनात निजवलं आन् रिकामी गाडी काढली. जवळ पडतंय म्हनून खिंडीनं.

खिंडीच्या तोंडाशी आलो आन् मागनं आवाज. ठक. ठक. गाडी उभी असताना तुमी लोखंडी टॉमीनं टायर ठोकून हवा बघता न्हवं, तस्साच. पर आमची गाडी चालू व्हती की! चालत्या गाडीचं टायर कोन ठोकतंय? कारभारी म्हनलं, खडा उडाला असंल. मी म्हनलं, असंल. वळन गेलं. ठक. ठक. दुसरं वळन गेलं. ठक.

मग खिडकीशी मानसाचा आवाज. "डायवर, हवा कमी हाय. उतरून बघ." मायेनं बोलल्यागत. कारभाऱ्यांचा पाय ब्रेकवर गेला. मी त्यांचा दंड धरला. "उतरू नगा. तुमी उतरलात तर मी हितंच मरीन."

गाडी पुढं घेतली. तर म्होरं गाडीच्या दिव्याच्या उजेडात एक मानूस, पाठमोरा. टायर नसलेली लोखंडी डिस्क ढकलत चाललाय. दगडावर खण खण खण. आमी जोरात, तर त्यो जोरात. आमी हळू, तर त्यो हळू. मग दिसंनासा झाला, आन् गाडी जड झाली. उतार असून उतरंना. मागनं कुनी चाकाला मिठी मारल्यागत. इंजिन रडाया लागलं. आन् आवाज आता भायेर न्हाई, माझ्या उशाशी.

"माझं दे. न्हाईतर तुझं नेतो."

माझ्या पोटातलं हालायचं थांबलं. बाबांनो, त्ये भ्या मी अजून इसरले न्हाई. मी वरडले, "देऊन टाका त्याचं त्याला."

द्यायचं कसं? खाली पाय ठिवायची सोय न्हाई. ऐका, काय केलं कारभाऱ्यांनी. डाव्या अंगाला खिंडीचा कडा व्हता. त्यांनी स्टेरिंग वढलं आन् मागलं चाक कड्याच्या धारंला घासलं. दगूड कडंला चावला. धाडकन फुटलं. पुन्यांदा घासलं. रबराच्या चिंध्या झाल्या, लोंबल्या, तुटून मागं अंधारात गेल्या. गाडी एकदम हलकी झाली. आतल्या अंगाचं टायर शब्बीरभाईचं. त्यानं एकट्यानं ती बाजू पेलली, पार दवाखान्यापतुर.

मी हातावर रेटून उठले आन् भायेरच्या आरशात बघितलं. बघायचं नव्हतं, पर बघितलं. मागल्या तांबड्या दिव्यात कुनीतरी वाकून त्या चिंध्या गोळा करत व्हतं. लेकरागत छातीशी धरत व्हतं. मला भ्या वाटलं, आन् त्याची दया बी आली.

फाट्याचा दिवा दिसला तवा पोटातलं हाललं. ही बघा, चुलीशी चहा गाळतीया, तीच पोरगी.

कारभारी जिवंत व्हतं तवर त्या खिंडीनं कधी गेलं न्हाईत. तुमी बी जाऊ नगा. लांबचा रस्ता घ्या, उशीर झाला तर होऊ द्या. टायर घेताना नक्षी बघा, कड बघा, पर आधी कुनाचं हाय त्ये इचारा.

आता सांग हैबती, कुठनं आनलंस त्ये टायर? भंगारातनं? आन् इचारलंस का कुनाचं व्हतं?

दाराकडं काय बघतुयास?

थांबा. बोलू नगा कुनी. सगळं डायवर हितंच बसलायसा न्हवं, चुलीभवती? मग भायेर हैबतीच्या गाडीचं टायर कोन ठोकतंय?