साफ आहे, असं मी म्हणाले

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या क्ष-किरण विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या रुग्णालयाच्या अधीक्षिकाबाई, व्यासपीठावरच्या आदरणीय मेट्रनबाई, आणि समोर बसलेले माझे सगळे सहकारी, सोबती नि घरची मंडळी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आत्ता माझ्याबद्दल तिघं बोलले. चौतीस वर्षांत बाईंनी एक फिल्म हरवली नाही, एक तारीख चुकवली नाही, असं साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. त्या वेळी मी खाली मान घालून बसले होते. बाई विनयशील आहेत, असं तुम्हाला वाटलं असेल. विनय कसला? मला भीती वाटत होती. लिहून आणलेलं भाषण पर्समध्ये आहे, ते आता तिथंच राहू दे. अधीक्षिकाबाई, तुम्हाला पुढं बैठक आहे हे मला ठाऊक आहे. थोडं सांभाळून घ्या.

माझे यजमान तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत होते. शिंपी होते. या सभागृहात निदान दहा जणांच्या अंगावर त्यांच्या हातची विजार असेल, आणि त्यातल्या सहा जणांनी ती नंतर सैल करून घेतली असेल. माणूस बोलका, वादाची हौस दांडगी. देवधर्माच्या वाटेला जाणारे नव्हते. कोणी पाप-पुण्याच्या गोष्टी सांगू लागला, की म्हणायचे, "आधी हात वर करा, माप घेऊ."

दहा वर्षांपूर्वी त्यांना खोकला झाला आणि महिना दीड महिना हटेना. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना इथं बोलावलं आणि छातीची फिल्म काढली. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, वहीत नोंद नव्हती. घरचंच माणूस, पटकन काढू, म्हटलं. तेव्हा आपल्याकडे संगणक आलेला नव्हता, फिल्म डार्करूममध्ये हातानं धुवावी लागे. नव्या मुलामुलींना ही पुराणातली गोष्ट वाटेल. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये फिल्म हलवत होते. आधी बरगड्या वर आल्या, मग हृदय आलं, आणि मग उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक गोल डाग आला. कडा खडबडीत. तोवर चोवीस वर्षं मी असे डाग पाहत आले होते. साहेबांनी अहवाल लिहायच्या आधीच मला कळायचं.

बाहेर आले तेव्हा हे शर्टाची बटणं लावत होते. म्हणाले, "काय गं?"

मी म्हणाले, "साफ आहे."

एवढे दोनच शब्द. फिल्म मी खाकी पाकिटात घातली आणि डार्करूमच्या कपाटात रिकाम्या डब्यांमागं सरकवून दिली. का? हा प्रश्न तुम्ही विचाराल, मीही स्वतःला विचारत आले आहे. मनात म्हटलं, उद्या साहेबांना दाखवू. उद्या आला की पुन्हा उद्या म्हणायचे. साहेबांनी बघितलं की ते खरं होणार. कोणी बघेपर्यंत तो एक डाग आहे, कदाचित फिल्मचाच दोष असेल. इतक्या लोकांना "घाबरू नका, वेळेवर आलात" असं सांगणारी मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा कपाटाला कुलूप लावून बसले.

साहेब, तुम्ही चष्मा काढलात. मला दिसलं. पण आता थांबता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. मी उघडलं तर दोन तरुण उभे. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळ्या पाट्या. मॉर्मन पंथाचे प्रचारक. त्यांच्यात तरुण मुलं घरदार सोडून दोन वर्षं अशी परमुलखात फिरतात. पाटीवर 'एल्डर' लिहिलेलं, म्हणजे वडीलधारे. वय असेल वीस. एक उंच, एक बुटका नि चष्मेवाला. आपली भाषा शिकून आले होते, पण पुस्तकातून. उंच म्हणाला, "आम्ही आपणांशी श्रद्धेविषयी संभाषण करू इच्छितो." मी दार लावणार, तेवढ्यात आतून यांचा आवाज आला, "कोण आहे? या, या. मला वाद घालायला माणूस हवंच होतं."

चहा टाकला तर ते चहा घेत नाहीत. कॉफीही नाही. शेवटी कोमट पाणी दिलं. हे म्हणाले, "चहा सोडायला लावणारा देव मला परवडायचा नाही." दोघं हसले. मग पुस्तक उघडलं, आणि तिथून माझा जीव टांगणीला लागला. कारण धर्माचं बोलणं फिरून फिरून कुठं येतं? मरणापाशी.

दुसऱ्या भेटीत यांनीच विचारलं, "तुमच्यात म्हणे मेल्यावरही नवरा-बायको एकत्र राहतात?"

उंच म्हणाला, "होय. कुटुंब मृत्यूने तुटत नाही, असा आमचा विश्वास आहे."

"हिला विचारलंत का आधी? हिची काय तयारी?"

मी स्वयंपाकघरात होते. नळ सोडलेला, खाली पातेलं भरून वाहत होतं आणि मला नळ बंद करायचं सुचत नव्हतं. हे आजवर असलं कधी विचारत नसत. आज का विचारतात? मग बुटक्याचा आवाज आला, "काका, आपणांस मृत्यूचे भय वाटते काय?" पुढचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं. मी भांडी मुद्दाम आपटायला लागले.

तिसऱ्या भेटीनंतर मी त्या दोघांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "माझं एक ऐका. त्यांच्याशी मरणाचं बोलू नका. त्यांच्या छातीत गाठ आहे. त्यांना माहीत नाही." तोंडानं मी हे पहिल्यांदा सांगत होते, आणि ते कोणाला? ज्यांचं नावही मला धड उच्चारता येत नव्हतं त्या दोन परक्या पोरांना. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. बुटक्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला वाटलं, कीव आली. मी त्यांच्याकडून वचन घेतलं. उंच म्हणाला, "आम्ही कोणास सांगणार नाही." बुटक्यानं मान डोलावली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. फक्त एक सांगते. हे खोकायला लागले की मी मनातल्या मनात आकडे म्हणायचे. वीसच्या आत खोकला थांबला तर गाठ लहान आहे, असा माझा मीच नियम केलेला. विज्ञान शिकलेली बाई मी.

सतराव्या दिवशी ते पुन्हा आले. त्या दिवशी बुटक्यानं पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. हे म्हणाले, "का रे, आज सुट्टी?"

तो म्हणाला, "काका, काकू, आम्ही यापुढे येऊ शकत नाही."

उंच त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला, बहुधा गप्प बस म्हणाला. त्यानं ऐकलं नाही. हात मांड्यांखाली दाबून बसला होता. म्हणाला, "या घरात आम्हांस दोन गुपिते सांगितली गेली. दोन्ही वेळा आम्ही वचन दिले. वचन मोडणे पाप आहे. परंतु येथे बसून पाणी पिणे हेही मला खोटे बोलण्यासारखे वाटते." आणि मग पुस्तकी भाषा संपली त्याची. रडत म्हणाला, "ती दोन नाहीत. एकच आहे."

हे हातातला कप खाली ठेवायला विसरले. मी यांच्याकडं पाहिलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"फिल्म काढायच्या आधीपासून," हे म्हणाले. "गळा पंधराचा होता, चौदाचा झाला. कंबर दोन बोटं उतरली. लोकांची मापं घेण्यात जन्म गेला माझा, स्वतःचं कळणार नाही? आणि तू साफ आहे म्हणालीस तेव्हा टेबल पुसत होतीस. टेबल स्वच्छ होतं."

जिन्यातल्या त्या बोलण्याच्या आधीच, उंच मुलाच्या विजारीची उसवलेली शिवण घालून द्यायला यांनी दोघांना दुकानात नेलं होतं, आणि तिथं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. म्हणाले होते, माझ्या बायकोला यातलं काही सांगू नका, ती घाबरते.

"मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं," हे म्हणाले. "तुझी तयारी होईना. मी म्हटलं, थांबू चार दिवस. मग मलाही भीती वाटायला लागली. मग ही पोरं आली. म्हटलं, यांच्याशी बोलावं. ही जातील दोन वर्षांनी आपापल्या घरी, आपलं बोलणं आपल्या घरात उरणार नाही."

म्हणजे बघा, ज्या श्रद्धेवर आमचा दोघांचाही विश्वास नव्हता, तिच्या आडोशाला उभं राहून आम्ही नवरा-बायको एकमेकांपासून लपत होतो. सुटलो ते त्या श्रद्धेचा ज्याच्यावर भार होता, त्या पोरामुळं.

निघताना मी बुटक्याला दाराशी विचारलं, "खरं सांग. माणसं पुन्हा भेटतात, हे तुला माहीत आहे का?"

तो म्हणाला, "माहीत आहे असे मी म्हणत नाही, काकू. माझा विश्वास आहे."

"मग तुला भीती वाटत नसेल."

"वाटते. रोज वाटते. प्रत्येक दाराची बेल वाजवण्याआधी वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना रीतसर चिठ्ठीवर आणलं, नवी फिल्म काढली आणि ओलीच साहेबांपुढं धरली. साहेब, तुम्ही म्हणालात, "बाई, बरं झालं ताबडतोब आणलंत." ते 'ताबडतोब' माझ्या कानात आजवर आहे. कारण तुम्ही खाली गेल्यावर मी कपाटातली जुनी फिल्म काढून दोन्ही शेजारी शेजारी लावल्या आणि पट्टी लावून मोजलं. डाग दोन मिलिमीटर वाढला होता. कदाचित ते माझ्या थरथरत्या हाताचे असतील. कदाचित नसतील.

ऑपरेशन झालं. त्या दिवशी ते दोघं बाहेरच्या बाकावर माझ्या दोन बाजूंना पाच तास बसले होते. बुटक्यानं विचारलं, प्रार्थना करू का? मी म्हटलं, कर, मी डोळे उघडे ठेवीन. त्यानं केली, मी डोळे उघडे ठेवून ऐकली. आम्ही त्यांच्या पंथात गेलो नाही, त्यांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. हे बरे झाले. सहा वर्षं दुकानात बसले. मग दुखणं दुसऱ्या बाजूनं परतलं आणि चार वर्षांपूर्वी ते गेले.

आता उरलेलं. सतरा दिवस आधी आणलं असतं तर ते दुखणं परतलं असतं का? सर्जनना मी हा प्रश्न कधी विचारला नाही. ते 'काही फरक पडला नसता' म्हणाले असते, तर ते माझी समजूत घालताहेत असं वाटलं असतं. 'पडला असता' म्हणाले असते तर मी पुढं काय केलं असतं? पहिली फिल्म मी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कात्रीनं कापून टाकली. आज कुठंही पुरावा नाही. मी बोलले नसते तर टाळ्या तशाच राहिल्या असत्या.

माझी लेक दुसऱ्या रांगेत बसली आहे. तेव्हा ती शिकायला परगावी होती. तिला हे आज, तुमच्याबरोबर, पहिल्यांदा कळतंय. बाळा, घरी चार वेळा सांगायला बसले. प्रत्येक वेळी अर्ध्यावर तुझ्या गळ्यात पडून रडले आणि तुला वाटलं, आईला बाबांची आठवण आली. इथं माईक आहे, साहेब आहेत, इथं मला पळता येत नाही. म्हणून इथं.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मी एकाही पेशंटला 'साफ आहे' म्हटलेलं नाही, फिल्म साफ असली तरी. "डॉक्टर बघतील, तोवर मी इथंच आहे," असं म्हणते. नव्या मुलामुलींनो, तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्यापाशी एवढंच आहे. बाकी यंत्रं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळतात.

मेट्रनबाई, तुम्ही रुमाल पुढं केलात, आभारी आहे, पण मी रडत नाही.

इथं बोलावलंत, इतकं प्रेम दिलंत, इतकं गोड बोललात, त्याबद्दल अध्यक्षांची, पाहुण्यांची, या विभागातल्या प्रत्येकाची मी ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. चौतीस वर्षांत मी कोणाला तोडून बोलले असेन, रांगेत ताटकळत ठेवलं असेल, त्याची क्षमा तुम्ही आजच, चहाच्या आधी, देऊन टाका. सतरा दिवसांची मात्र घाईनं देऊ नका. ती द्यायची की नाही, हे माझी लेक ठरवील, आणि तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या. मी इथंच आहे.

नमस्कार.