पाटलिणीच्या ओठातला गळ

माझं माहेर डहाणूच्या खाडीकाठचं. आमच्याकडे खाडीतली कोळंबी आणि चिखलातल्या निवट्या, त्यामुळे लग्न करून समुद्रावरच्या वरोरला आले तेव्हा मला बोंबील खाता येत होता, सुकवता येत नव्हता. सासूने पहिल्याच दिवशी पाटी समोर ठेवली आणि म्हणाली, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकव आणि वलांडीवर टाक. वलांडी म्हणजे बांबू आडवे बांधून केलेला आमचा मांडव, किनाऱ्यावर बघितला असेल तुम्ही. मी अडकवले, टाकले, मागे वळले तर सगळे वाळूत. सासू हसली नाही, रागावली नाही, वर बघून कावळ्यांना म्हणाली, या रे, नवी सून जेवायला वाढते आहे. तेव्हाच ओळखलं, या घरात जगायचं तर जिभेला धार पाहिजे. ती मी लावून घेतली, अजून बोथट झालेली नाही.

माझ्यामागून धाकटी जाऊ आली, कमळ. सासूने आम्हा दोघींना एकदमच गळ बांधायला शिकवलं. लांब दोरीला ओळीने गळ लावून समुद्रात सोडतात, त्या गळांना नायलॉन बांधायचं काम बायांचं. सासूची गाठ तिची स्वतःची होती, तीन वेढे, मग उलटा फास, आणि उरलेलं टोक निखाऱ्याला लावून त्याचा बारीकसा मणी करायचा म्हणजे सुटत नाही. गावात दुसरं कोणी मणी करत नसे. सासू म्हणायची, मी मेल्यावर ही गाठ दोन हातांत राहील, एक मोठीच्या आणि एक धाकटीच्या. मेली बिचारी. तिला वाटलं आशीर्वाद देऊन चालली.

आता मांजरीचं सांगते, तुम्ही त्यासाठीच आलात ना. बोंबील सुकवणाऱ्या बाईने मांजर पाळायचं म्हणजे चोराला घरजावई करायचं, असं आख्खी आळी मला म्हणाली. मी पाळलं नाही हो, तीच आली, पावसाळ्यात होडीखाली बसायची, मग ओटीवर, मग चुलीशी, आणि अशा थाटात बसायची की मी नाव ठेवलं पाटलीण. आमचा नवरा म्हणाला, या घरात एक आहे ती पुरे नाही का. तो एवढंच बोलतो वर्षातून.

वलांडी आम्हा दोन्ही जावांची मिळून, सासूच्या वेळेपासून, अर्धी तिची अर्धी माझी. आणि पाटलीण कशाला खोटं सांगू, खालच्या बांबूवरचं ओढायची, बरोबर कमळच्या अर्ध्यातलं. कमळ आली आणि चार बायांच्या देखत म्हणाली, ताई, एकतर मांजर ठेव नाहीतर वलांडी ठेव. मी म्हटलं, बाय, मांजर म्हातारी आहे, दात चार राहिलेत, तुझी वलांडी काय खाईल. बाया हसल्या. ती हसली नाही. मला ते तेव्हाच दिसायला हवं होतं.

मग एक दिवस दुपारी पाटलीण आली ती मान वाकडी करून, तोंडातून लाळ आणि रक्त, आणि ओठाच्या बाहेर नायलॉनचा तुकडा लोंबतोय. मी ओढणार होते. हात पुढे गेलाच होता, पण आम्ही गळ बांधलेल्या बाया, ओढला तर गळ आणखी रुततो हे माशाने शिकवलंय आम्हाला. तिला मासळीच्या पाटीत घातलं, वर दुसरी पाटी पालथी घातली, बांधली, आणि रिक्षाने डहाणूला जनावरांच्या दवाखान्यात. रिक्षात एक बाई म्हणाली, मावशी, ताजी आहे का, काय भाव. मी म्हटलं, ताजी आहे, चावते पण.

डॉक्टरने सुई देऊन निजवलं, गळ पुढे काढून टोक कापलं, मागे सोडवला, आणि कापसात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. म्हणाला, मावशी, घरातले गळ सांभाळून ठेवत जा. मी कापूस उघडला. तीन वेढे. उलटा फास. टोकाला मणी. आणि गळावर बोंबलाचा तुकडा राहिलेला, तो अर्धवट सुकलेला. काय सांगू तुम्हाला, गळाला चारा ओला लावतात, सुका बोंबील कुठला मासा खात नाही. तो मासोळीसाठी लावलाच नव्हता. आमचा नवरा जाळ्याचा माणूस, माझ्या घरात कित्येक वर्षांत गळ नाही. म्हणजे दोन हातांतला उरला एक.

मी डॉक्टरला म्हटलं, हो साहेब, सांभाळीन.

त्याने सांगितलं ते मी केलं. वाऱ्याच्या आड, चुलीमागच्या कोपऱ्यात खोकं आडवं ठेवलं, त्यात माझं मऊ झालेलं लुगडं, तोंड अंधाराकडे, कारण दुखणाऱ्या मांजरीला लपायला आवडतं, तिला सारखं बाहेर काढून बघायचं नसतं. जवळच पसरट डब्यात तिच्या शू-शीला बारीक वाळू, उडी मारायला लागू नये म्हणून. पाणी वेगळ्या वाटीत, जरा लांब. तोंड दुखतंय म्हणून तिला अंग चाटता येईना, आणि मांजर मळकं राहिलं की खचतं, म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात फडकं पिळून मीच तिचं अंग पुसायची, केस जातात त्या बाजूनेच, हळूहळू. आणि पुष्कळदा काहीच करायचं नाही, नुसतं शेजारी बसून मासे निवडायचे, तिच्याकडे न बघता.

खाणं मात्र घेईना. डॉक्टर म्हणाला होता, खात नाही ती जगत नाही, खाल्लं नाही तर लगेच घेऊन या, आणि मासा उकडून द्या पण मीठ नको. आता सांगा, मिठागराच्या शेजारी जन्म गेला, माझा हात आपोआप मिठाच्या बरणीत जायचा, दोनदा पातेलं ओतून दिलं. आमच्यात अळणी शिजतं ते सुतकात. त्यात नेमकी कमळ दारात उभी. म्हणाली, ताई, अळणी वास येतोय, घरात कोण गेलं का. मी म्हटलं, अजून नाही, बसले आहे वाट बघत.

ती आत आली, खोक्यात डोकावली, चुकचुकली. म्हणाली, जखमेवर हळद दाब, आणि ताप असेल तर आपली तापाची अर्धी गोळी दे, मी आणली आहे. डॉक्टरने बजावलं होतं, माणसाची तापाची गोळी मांजरीला विष आहे. कमळला ते माहीत होतं की नव्हतं, देवाला ठाऊक. मी गोळी घेतली, पदराला बांधली, म्हटलं, बाय, ठेवते, कोणाला लागली तर. चहा घेऊन गेली ती, साखर कमी म्हणाली.

संध्याकाळी मांदेलीचा काटा काढून लगदा केला, कोमट, बोटाच्या टोकावर घेतला आणि बोट तिच्या नाकाशी धरून बसले. मनात म्हणत होते, तू मेलीस तर कमळ जिंकली, खा गं भवानी. तिने वास घेतला. तोंड फिरवलं. परत वास घेतला. मग जिभेचं टोक लागलं बोटाला, खरखरीत. आयुष्यात पोराबाळांना भरवलं, सासूला भरवलं, पण बोट असं धरून ठेवलं नव्हतं कधी.

जगली. ओठ एका बाजूला वर राहिला, त्यामुळे सारखी कुत्सित हसल्यासारखी दिसते, लोक म्हणतात, मालकिणीवर, यमुनाबाईवर गेली. सुकं तिला चाववत नाही, म्हणून चोरी बंद. कमळ आळीत सांगते, बघा, अद्दल घडली की जनावर सुधारतं. आणि पाटलीण, माझ्या हातचं अळणी खाऊन, माझ्या लुगड्यात बरी होऊन, दुपारी कुठे झोपते म्हणाल, तर कमळच्या ओटीवर, तिथे ऊन चांगलं येतं. मी गळाचं कोणाला बोलले नाही. बोलून काय, आळी म्हणेल, मांजरीसाठी जावेवर उठली.

यंदा कमळच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गळांची पिशवी घेऊन आली, म्हणाली, ताई, आईंची गाठ माझ्याने आता होत नाही, तू बांधून दे. मी काय करणार, बांधते. तीन वेढे, उलटा फास, टोकाला मणी. ती समोर बसते, पाटलीण तिच्या मांडीवर, वाकडं हसत. देव दोघींना उदंड आयुष्य देवो. आता गावात ती गाठ मारणारी मी एकटीच. उद्या आणखी कुठल्या मांजरीच्या ओठातून गळ निघाला, तर नाव माझंच निघणार.